नाव घातलेलं घंगाळ

"नाव तेवढं वाचून घेऊ द्या की ओ अक्का," असं म्हणत त्या म्हातारबाई जवळ आल्या, तेव्हा घंगाळ माझं होऊन दहाच मिनिटं झाली होती. पावतीची घडीसुद्धा घातली नव्हती. वाड्याच्या सोप्यात खांबाला टेकून मी रिक्षाची वाट बघत होते आणि घंगाळ पायाशी होतं. मला वाटलं, केवढ्याला पडलं म्हणून विचारतील. पण त्या खाली बसल्या. गुडघ्यावर हात देत, थांबत थांबत, आधी एक पाय मुडपला, मग दुसरा. पदराच्या टोकानं काठाखालची धूळ पुसली. मग उजव्या हाताचं पहिलं बोट अक्षरांवरून सरकवत, ओठ हलवत, सगळं वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांच्याबरोबरचा पोरगा, नातू असावा, माझ्याकडे न बघता फाटकाकडे तोंड करून उभा होता.

याच घंगाळासाठी मी त्या दोघांना बोलीत हरवलं होतं.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, पाळणे उभे राहायला लागले होते आणि बाळीवेशीकडून येताना रस्त्यात मांडवाच्या बांबूंनी भरलेल्या गाड्याच गाड्या. वाडा जुन्या गावातला. मालकांची पुढची पिढी पुण्यात आणि त्याच्याही पलीकडे गेलेली, वाडा पडणार हे ठरलेलं, आणि आतलं सामान वाटून घेण्यापेक्षा लिलाव करून पैसे वाटून घ्यावेत असं चौघा भावंडांचं एकमत झालेलं. लिलाव पुकारणारे बाहेरगावचे होते. चौकात ताडपत्री टाकून पन्नासेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतीकडेनं वाड्याचा सगळा संसार उघड्यावर उभा होता. पारा उडालेला बेल्जियमचा आरसा. झोपाळ्याच्या पितळी कड्या, त्यांवरचे हत्ती आणि मोर झिजून एकसारखे झालेले. किल्ली हरवलेलं भिंतीवरचं घड्याळ. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या. पाटा होता, वरवंटा नव्हता. प्रत्येक वस्तूवर नंबराची पिवळी चिकटपट्टी. वाळवी, कापूर आणि कोंडलेल्या गाद्या यांचा एक मिश्र वास सगळीकडे होता. आपल्या सगळ्यांच्या आजोळच्या माळ्यावर असतो तसा. दुसऱ्याच्या घराला आपल्या आजोळचा वास यावा, याचं मला आत शिरतानाच कसंतरी झालं होतं.

मी गेले होते ती लेबलांसाठी. सोलापुरात ज्यांच्या घरात कुणी ना कुणी मिलमध्ये होतं, त्यांना ती आठवत असतील. कापडाच्या थानावर चिकटवायची छापील चित्रं. हातात धनुष्य घेतलेला राम, कमळातली लक्ष्मी, वाघ, आगगाडी, पाळण्यातलं गुटगुटीत बाळ. आधी विलायती कापडावर यायची, मग इथल्या मिलनीही आपापली काढली. यात एक फार साधी युक्ती होती. गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, चित्र ओळखता येतं. खेड्यातली बाई दुकानात जाऊन 'वाघाचं द्या' म्हणाली की तिला तेच कापड मिळायचं. वीसेक वर्षांपासून मी ही लेबलं जमवते. चाटी गल्लीतल्या जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यांवरून, रद्दीतून, एकदा तर एका पेटीच्या तळाला चिकटलेलं वाफेवर धरून सोडवलेलं. त्या वाड्यात एका पत्र्याच्या ट्रंकेत अशा लेबलांचा गठ्ठा निघाल्याचं कळलं होतं. गठ्ठा होता. रंगही असे टवटवीत, की काल छापल्यासारखे. आणि तो एका मुंबईच्या व्यापाऱ्यानं माझ्या डोळ्यांदेखत उचलला. मी जिथं थांबले त्याच्या तिप्पट आकड्यावर.

तिथंच उठून घरी यायला हवं होतं. पण लिलावात हरलेला माणूस लगेच उठत नाही. अंगात एक ऊब राहिलेली असते. हात वर करायची सवय दोन तासांत लागून गेलेली असते. पुढचे पाच-सहा नंबर गेले आणि मग दोन माणसांनी धरून ते घंगाळ आणलं. तांब्याचं, जाड पत्र्याचं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या, तळाशी चुलीचा काळा थर तसाच. आमच्याकडे अगदी असंच होतं. पुकारणाऱ्यानं ते टिचकीनं वाजवून दाखवलं. त्या आवाजाला मी भुलले असं म्हणता येईल. एक धातूवाला आधी बोलत होता, पण मोडीच्या भावापर्यंत आकडा आला तसा तो थांबला. त्याचा हिशेब वजनावर होता. मग मागच्या रांगेतून शंभर-शंभरानं बोली यायला लागली. मी वळून बघितलं. डिलिव्हरीवाल्या पोरांचा असतो तसला टी-शर्ट घातलेला पोरगा होता आणि शेजारी नऊवारी नेसलेल्या या बाई. दर आकड्याला तो त्यांच्या कानाशी वाकायचा, त्या मान हलवायच्या आणि तो हात वर करायचा. मी पाचशेनं चढवलं. त्यांनी शंभरानं. मी पुन्हा पाचशेनं. असं का केलं याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. समोरच्याला दमवायचं असेल तर उडी मोठी मारायची, हे मी त्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडून तासाभरापूर्वीच शिकले होते. 6,200 वर पोरगा वाकला, त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यानं मान हलवली. एक वार, दोन वार, तीन वार. लाकडी हातोडी टेबलावर आपटली आणि मला आनंद झाला. तो झाला, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. निखळ आनंद झाला.

मग त्या नाव वाचायला आल्या.

काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. आता भांड्यांच्या दुकानात विजेच्या यंत्रानं टर्रर करत अर्ध्या मिनिटात नाव घालून देतात. ती अक्षरं वाहती आणि उथळ असतात. जुनी नावं छिन्नीनं ठोकून घातलेली. एकेक ठिपका म्हणजे हातोडीचा एकेक ठोका. अक्षर कोपऱ्यावर जरा जास्त खोल जातं, कारण तिथं छिन्नी वळवताना हात थबकतो. लिहिलेलं असं होतं: चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून आंदण, शके 1861. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "अव्वाचं, माझ्या आईचं नाव हाय हे. माहेरचं. आमच्या घरात तिला ह्या नावानं कुणी म्हणजे कुणी हाक मारली नाही बघा." लग्नात नाव बदललं. मग रेशनकार्डावर बदललेलं नाव, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. घंगाळ या वाड्यात कसं आलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. गहाण पडलं असेल, विकलं असेल, अडीअडचणीला कुणी तरी कुणाला दिलं असेल. सोलापुरात भांडी अशीच फिरली आहेत. "शाळेत चौथीपर्यंत गेले मी," त्या म्हणाल्या, "वाचायला आल्यावर पैलं हे वाचलं हुतं." मग काठाला धरून उठल्या, नातवानं दंडाला धरलं, आणि जाताना मला म्हणाल्या, "सांभाळा."

'घेऊन जा तुम्हीच', हे तीन शब्द माझ्या तोंडात आले होते, अगदी दातांपर्यंत. रिक्षावाला फाटकातून आत आला, घंगाळ उचलायला खाली वाकला, मी 'सावकाश' म्हणाले, आणि मान वर करेपर्यंत ती दोघं बोळात वळली होती. मी ते शब्द का गिळले? पैशाचा विचार मनात आला नाही असं म्हणू शकत नाही. पण त्याहून जास्त हे, की मला ते घंगाळ हवं होतं. लेबलं गेली होती, हे तरी मिळालं होतं.

त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला घंगाळ दाखवलं. माणूस जाणता आहे. आतून बाहेरून बघितलं, कड्यांचे खिळे बघितले, मूळचेच आहेत म्हणाला. आणि मग काठावर अंगठा फिरवून म्हणाला, "नाव नसतं तर हजार-दीड हजार जास्त आले असते. बंगल्यात ठेवणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. म्हणत असाल तर घासून देतो, कळणारसुद्धा नाही." त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. रोज ज्या गिऱ्हाइकांशी गाठ पडते त्यांचं तो सांगत होता. पण घरी आल्यावर मला झोप लागेना, आणि अंधारात पडल्या पडल्या जे आठवत होतं ते घंगाळ नव्हतं, ती एक तलवार होती.

2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार आली होती आणि आपल्या राज्य सरकारनं ती घेतली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. वाहतूक आणि विमा धरून 47.15 लाख रुपये लागले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. पातं युरोपातलं, म्हणजे फिरंग; त्या काळातल्या मराठा सरदारांकडे अशी पाती पुष्कळ असत. मग या एकाच पात्यासाठी सरकारनं धावाधाव का करावी? कारण त्यावर सोन्यानं देवनागरीत नाव घातलेलं आहे. राघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. नाव नसतं तर ती एक चांगली जुनी फिरंग राहिली असती. नाव आहे म्हणून ती आपली झाली. मला त्या बातमीचा खूप आनंद झाला होता, अजूनही आहे. शाळेतल्या पोरांना मी ती उत्साहानं सांगितली होती. फक्त त्या रात्री दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या. तलवारीवर नाव आहे म्हणून भाव चढला. घंगाळावर नाव आहे म्हणून उतरला. दोन्हीकडे कोरणाऱ्या कारागिराचा हात तेवढाच स्थिर असणार.

कायद्याचंही असंच काहीसं आहे. 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू म्हणायला वस्तू 100 वर्षांची व्हावी लागते. हस्तलिखित किंवा कागदपत्र मोलाचं असेल तर त्याला 75 वर्षं पुरतात. शके 1861 म्हणजे 1939-40. भांडं म्हणून या घंगाळाला अजून तेरा-चौदा वर्षं कमी पडतात. पण त्यावर लिहिलेलं आहे. एका बाईच्या पहिल्या नावाची बहुधा एकुलती एक लेखी नोंद. ती कागदावर असती तर कुणी तरी मोलाची आहे का नाही ते बघितलं असतं. तांब्यावर आहे म्हणून ते भांड्यात मोडतं. हा माझा युक्तिवाद कुठल्या कचेरीत टिकणार नाही. पण मी तो मनात कितीतरी वेळा मांडला आहे.

आमच्या घरची भांडी कधीच लिलावाला गेली नाहीत. ती मोडीत गेली. दादा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिल आधी अडखळत चालली, मग बंद पडली, मग उघडणार उघडणार म्हणत सगळ्यांनी वर्षं काढली. सकाळचा भोंगा थांबला तेव्हा कित्येक दिवस गल्लीतली माणसं त्या वेळेला आपोआप जागी होत आणि आवाज आला नाही म्हणून अंथरुणातच बसून राहत. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेला पाला, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. हजार विड्यांचे पैसे ठरलेले, आणि पाला खराब निघाला तर तोटा तिचा. तेवढ्यात सहा माणसांचं भागेना. मग माळ्यावरचं एकेक भांडं खाली यायला लागलं. परात गेली, मोठं पातेलं गेलं, घंगाळ गेलं. मोडवाला तराजू घेऊन दारात बसायचा. भांड्यात हवा राहिली की पोत्यात मावत नाही, म्हणून तो ते उलटं घालून दगडानं चेपायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. चेपताना जो आवाज व्हायचा तो सांगता येत नाही. तांबं मऊ असतं, पितळ असतं तसं ठणकत नाही. ते दबतं.

पुढं काही वर्षांनी मिलच्या यंत्रांचाही लिलाव झाला. दादा बघायला गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं, पण गेले. संध्याकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "वजनावर गेले." त्यांचा साचा कुठला हे त्यांना गाडीत भरताना ओळखू आलं का, हे विचारायचं राहून गेलं आणि आता दादा नाहीत. मी लेबलं का जमवते, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझ्याकडे त्याचं एक पाठ केलेलं उत्तर आहे, छपाईकला वगैरे. खरं उत्तर असं, की दादांनी विणलेल्या हजारो वार कापडातलं हातभरसुद्धा माझ्याजवळ नाही, त्यावर चिकटवलेला कागद तरी असावा. त्या कागदावर मिलचं नाव असतं, देवाचं चित्र असतं. विणणाऱ्याचं नाव नसतं. कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवर तरी शेतकऱ्याचं नाव येतं. काकांबरोबर मी एकदा मार्केट यार्डात गेले होते. ढिगाऱ्यांच्या मधून लिलाव असा पळतो, की आपल्या ढिगाऱ्यापाशी तो येऊन गेला हेसुद्धा पटकन कळत नाही. काका पट्टी हातात घेऊन आधी आकडा बघायचे सोडून नाव बरोबर लिहिलंय का ते बघत होते. मी लहान होते, मला त्याचं नवल वाटलं होतं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी तीन-चार वेळा गेले आहे. अडकित्ते, दिवे, वजरी, कुलपं, पानाचे डबे. राजेरजवाड्यांचं थोडं आणि घराघरातलं जास्त. दिनकर केळकरांनी ते आयुष्यभर गोळा केलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. कविता मात्र ते 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे. स्वतःचं नाव झाकून ठेवलं आणि पोराचं नाव अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवलं. तिथल्या काचेच्या कपाटांपुढं उभं राहिलं की कुणी तरी या वस्तूंशी मायेनं वागलंय हे लगेच जाणवतं. घंगाळ घरात आणल्यावर मी स्वतःची समजूत याच वाटेनं काढायला बघितली. मी जपेन. घासून काढणार नाही. मोडवाल्याच्या हाती पडलं असतं त्यापेक्षा बरं. पण मोडवाला तर आधीच थांबला होता. त्याच्यानंतर तिथं दोघंच उरली होती, एक मी आणि एक त्या नावाची लेक.

गड्ड्यात अक्षतांच्या दिवशी दरवर्षीप्रमाणे गेले. संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सातही नंदीध्वज आले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलगीचा आवाज थेट छातीत वाजणारा. लग्नाची संमती वाचून झाली आणि हजारो हातांतून अक्षता उडाल्या. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरणारी मुलगी, आणि योगदंडाशी लाव म्हणून त्यांनी दिलेली परवानगी. आठशे वर्षांहून अधिक काळ हे गाव ते लग्न लावत आलं आहे. माझ्या केसात अडकलेले तांदूळ काढता काढता माझ्या मनात आलं, आपण तिला कुंभारकन्या म्हणतो. लहानपणापासून कुंभारकन्याच. आईनं सांगितलेल्या गोष्टीतही तेच, शेजारच्या काकूंच्या तोंडीही तेच. इतक्या वर्षांत एकदाही, तिला घरी काय म्हणून हाक मारत असतील, असं मी कुणाला विचारलं नव्हतं. गर्दीत सगळीकडे नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाया होत्या आणि मी प्रत्येकीचं तोंड बघत होते.

शोधायचा प्रयत्न केला. लिलाववाल्यांना फोन केला, त्यांनी बोली लावणाऱ्यांची माहिती देता येत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. वाड्याच्या आसपासच्या दुकानांत विचारलं. त्या टी-शर्टच्या रंगावरून दोन-चार पोरांना रस्त्यात थांबवलं. काही निघालं नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि म्हणूनच घंगाळावरचं नाव इथं लिहिलेलं नाही. ज्यांनी त्या दिवशी बोटानं वाचलं, त्यांना किंवा त्यांच्या नातवाला ते ठाऊक आहे. येऊन नाव सांगावं आणि घंगाळ न्यावं. पैशाचं बोलणं निघणार नाही.

तोवर ते आमच्या मधल्या खोलीत आहे. आई 83 वर्षांची आहे, डोळ्यांना आता कमी दिसतं. आणलं त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "आपलं हाय का गं हे?" नाही म्हटल्यावर काही बोलली नव्हती. गड्डा संपल्यावर एके दुपारी मी तिला त्या बाईंची सगळी हकिगत सांगितली. लपवलं नाही, पाचशेच्या उड्यांचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुझ्या आजीच्या हंड्यावर बी होतं नाव." मला हे माहीतच नव्हतं. आजीला मी आजी म्हणायचे, दादा आई म्हणायचे, गल्ली दादांच्या नावानं अमक्याची आई म्हणायची, आणि कागदोपत्री ती लक्ष्मीबाई होती; निम्म्या सुना लक्ष्मीच व्हायच्या तेव्हा. तिचं माहेरचं नाव काय, मी आईला विचारलं. आईला ठाऊक नव्हतं. सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून कुणी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. हंडा मोडीत गेला तो चौथा की पाचवा.

"पण तू रोज घासायचीस ना तो? वाचलं नाहीस कधी?"

"वाचायला कुठं येत होतं मला? हाताला लागायचं तेवढं."

मग तिनं घंगाळ जवळ ओढायला सांगितलं. मी ते पलंगाला टेकवलं. तिनं काठाखाली बोटं घातली आणि डोळे मिटले. विड्या वळून वळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत; आधारकार्डाच्या वेळी यंत्रावर तिचे ठसे उमटेनात, तीनदा जावं लागलं होतं. ती बोटं दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या नावावरून फिरत होती आणि ती म्हणत होती, असं नव्हतं, असं नव्हतं, आमचं जरा मोठं होतं. मी माझा तळहात पुढं केला. "काढ बघू आठवतंय तसं." तिनं तळहातावर एक गोल काढला, शेजारी उभी काडी. मी म्हटलं, व का ब? पोटात रेघ होती का? "होती की. तिथंच चिंचेचा चोथा अडकायचा. काडीनं काढायला लागायचा." म्हणजे ब. मग आणखी एक उभी काडी, काना. दुसरं अक्षर तिनं दोनदा काढलं, दोन्ही वेळा एकसारखं, य. मी वहीत लिहून ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. एवढ्या वर्षांत तिनं त्या दोन अक्षरांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या अक्षरासाठी तिचं बोट माझ्या तळहातावर नुसतंच टेकून राहिलं. तिथं हंड्याला पोचा आला होता, म्हणाली. लग्न होऊन आले तेव्हापासनं होता. बोट घसरायचं तिथं.